सहाशे ग्रॅम चुना

तेजलला रसायनशास्त्र चढलं. ताप चढतो, माज चढतो, तसं चढलं. दहावीला विज्ञानात शंभरात सत्त्याण्णव मार्क पडल्यावर गिरणारे गावातल्या निम्म्या लोकांनी तिला डॉक्टर करून टाकलं. उरलेल्या निम्म्यांनी तिच्या वडिलांना, समाधानला, न विचारता सल्ला दिला की पोरीला रोज नाशिकला कशाला धाडतोस, इथंच जवळ आर्ट्सला टाक, घरातही मदत होईल. समाधान मुळातच कमी बोलणारा. त्यानं दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं आणि गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात तिला अकरावी सायन्सला घातलं. घरी मात्र एवढं म्हणाला, "एक वर्ष बघू. जमलं तर पुढं."

हे "एक वर्ष बघू" तेजलच्या मनात रुतून बसलं. सकाळच्या सिटी बसला उभ्यानं जाताना तिला वाटायचं, आपण काहीतरी दाखवून दिलं पाहिजे, आणि लवकर दिलं पाहिजे.

कॉलेजात रसायनाचा पहिलाच धडा 'मोल' ह्या मापाचा निघाला. कुठल्या पदार्थाला कुठला पदार्थ किती लागतो ते कागदावर आधीच काढता येतं, हे कळल्यावर पोरीचे पाय जमिनीवर ठरेनात. आई सोडा टाकून भजी करायला लागली की ही मागं उभी राहून किती ग्रॅम टाकला ते विचारायची. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच. आणि तेजलचं तर हळकुंड अजून नीट उगाळायला घेतलंही नव्हतं.

समाधानच्या मळ्यात त्या साली दीड एकर टोमॅटो होता. तारा ओढलेल्या, बांबू रोवलेले, सुतळीनं झाडं वर बांधलेली, आणि गणपतीच्या सुमाराला फुलांनी आणि बोराएवढ्या फळांनी लगडलेली. त्या टोमॅटोची सगळी फवारणी मल्हारीच्या हातात असायची. मल्हारी हा पन्नाशीचा, काटक, कानाला मफलर गुंडाळलेला माणूस. स्वतःची जमीन नाही. बायको भागीबाई निंदणी-खुडणीला जायची आणि हा फवारणीला. पण फवारणीला जाणारे गावात वीस होते, आणि औषध कालवायला बोलवावा असा मल्हारी एकच. ह्याचं औषध फाटत नाही, जळत नाही, अशी त्याची ख्याती होती. द्राक्षवाले बागायतदारसुद्धा मोटारसायकल पाठवून त्याला न्यायचे. ड्रमापाशी उभा राहिला की मालकालाही तो "जरा बाजूला व्हा" म्हणायचा, आणि मालक बाजूला व्हायचे. त्याच्याजवळ मान म्हणून जे काही होतं ते एवढंच होतं.

करपा रोगावर मोरचूद आणि चुन्याचं पाणी मारायची जुनी रीत. दोनशे लिटरच्या ड्रमाला दोन किलो मोरचूद आणि दोन किलो चुना. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, मग एकत्र ओतायचं, आणि शेवटी मल्हारी आपला घासून लख्ख केलेला विळा त्या निळ्या पाण्यात मिनिटभर धरायचा. विळ्यावर तांबूस रंग चढला तर अजून चुना घालायचा. नाही चढला तर मारायला हरकत नाही. हे त्याला कुणी शिकवलं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

सप्टेंबरातल्या त्या सकाळी समाधान टोमॅटो भरायची प्लास्टिकची कॅरेट आणायला पिंपळगावला गेला होता. तेजल कॉलेजचा ड्रेस घालून, दप्तर पाठीला लावून बसची वाट बघत मळ्यात आली. मल्हारी चुना मोजत होता.

"काका, दोन किलो कशाला?" ती म्हणाली. "दोन किलो मोरचुदाला सहाशे ग्रॅम चुना पुरतो. मी काढलंय." तिनं वहीतलं समीकरण त्याच्यापुढं धरलं, जणू त्याला ते वाचता येणार होतं.

मल्हारीनं वहीकडं आदरानं पाहिलं. "सहाशेच? लय कमी वाटतंय, ताई."

"जास्तीचा चुना वाया जातो आपला. आणि पानांवर पांढरे डाग पडतात ते वेगळेच. पप्पांना सांगा मी सांगितलं म्हणून."

मग त्यानं सहाशे ग्रॅम मोजला. शेडमध्ये गेल्या वर्षीपासून उघड्या पडलेल्या पिशवीतला तो चुना होता. वजनकाट्याचे लाल आकडे सहाशे पाचवर गेले तर त्यानं चिमटीनं पाच ग्रॅम परत काढला. इतका बारीक माणूस. पहिला ड्रम कालवला. मल्हारीनं पाण्याकडं बघितलं आणि कपाळाला आठी घातली. "रंग हिरवट मारतोय. इळा बुडवून बघतो."

तेजल हसली. ते हसणं तिला पुढं कितीतरी दिवस ऐकू येत राहिलं. "काका, विळा काय सांगणार? हे गणित आहे. गणितापुढं विळा चालतो का?"

रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. ती पळाली. पळता पळता मागं वळून बघितलं तर मल्हारीनं विळा कमरेला परत खोचला होता आणि तो पंपाकडं वळला होता. उरलेले तीन ड्रम त्यानं एकट्यानं कालवले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पानांच्या कडा तपकिरी झाल्या. तिसऱ्या दिवशी कोवळे शेंडे करपून गेले, फुलं हाताला लागली की गळायला लागली. चौथ्या दिवशी सकाळी समाधान प्लॉटच्या मधोमध उभा होता, आणि त्याच्या हातात झाडाचा एक शेंडा होता. तो कमी बोलणारा माणूस त्या दिवशी बोलला. तिथून डेअरीवर गेला तर मल्हारी समोरच होता, आणि दूध घालायला आलेले दहा-बारा जण होते, त्यांच्यासमोर बोलला.

"बारा वर्षं तुझ्या भरवशावर डोळे मिटून राहिलो, मल्हारी. काय कालवलंस? मोजलं होतंस का, का अंदाजानं टाकलं? का सकाळीच टाकून आला होतास?"

मल्हारी दारू पीत नव्हता. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि तरीही दोघं-तिघं हसले. तेजल दुधाची किटली धरून वडिलांच्या मागंच उभी होती. मल्हारीनं एकदा तिच्याकडं पाहिलं. फक्त एकदा. मग खाली बघून म्हणाला, "मोजलं व्हतं, समाधानभाऊ. कसं झालं, मला नाय सांगता येत."

तेजलच्या तोंडात शब्द आले होते. "पप्पा, मी सांगितलं होतं." चार शब्द. पण त्या चार शब्दांच्या मागं तिला "एक वर्ष बघू" ऐकू आलं. आर्ट्सला टाक म्हणणारे ते सगळे सल्लागार तिथंच किटल्या घेऊन उभे होते. तिनं शब्द गिळले. नंतर सांगू, घरी गेल्यावर सांगू, असं मनाशी म्हणाली. घरी गेल्यावर आई रडत होती, म्हणून उद्या सांगू म्हणाली. उद्यावर ढकललेलं पाप दिवसागणिक जड होतं, हे कुठल्या धड्यात शिकवत नाहीत.

बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात. मल्हारी बोललाच नाही. पंधरा दिवसांत त्याला औषध कालवायला कुणी बोलवेनासं झालं. द्राक्षवाल्यांची मोटारसायकल दुसऱ्याच्या दारात जायला लागली. मल्हारी कॅरेट उचलायला, ट्रॅक्टर भरायला जायला लागला. विशी-बाविशीतली पोरं करतात ती कामं. कुणीतरी त्याला "दोन नंबरी डॉक्टर" म्हणायला लागलं आणि ते नाव चिकटलं.

तेजलनं बसथांब्यावर जायची वाट बदलली. मल्हारीच्या घरावरून गेलं की तीन मिनिटं वाचायची. ती मारुतीच्या देवळामागून वळसा घालून जायला लागली. तो सगळं जाणून आहे, आपल्यासाठी गप्प आहे, आपलं कॉलेज सुटू नये म्हणून गिळून बसलाय, असं तिनं धरलं होतं. डेअरीवरच्या त्या एका नजरेचा तिनं हाच अर्थ लावला होता. आणि ज्याचे उपकार आपल्यावर आहेत त्याचं तोंड बघायला माणसाला सर्वात जास्त लाज वाटते.

कॉलेजात तिचं लक्ष उडालं असं मात्र झालं नाही. उलट झालं. प्रॅक्टिकलला आम्ल-आम्लारीचं अनुमापन असायचं: वरच्या नळीतून थेंबथेंब सोडायचं, खालच्या फ्लास्कमध्ये फिक्कट गुलाबी रंग आला की थांबायचं, आकडा लिहायचा. सगळी बॅच आधीच्या वर्षाच्या मुलींच्या जर्नलमधून आकडे उतरवायची. दहा पॉइंट दोन, दहा पॉइंट दोन, दहा पॉइंट दोन. तेजलनंही जुलै-ऑगस्टमध्ये तेच केलं होतं. दिवाळीनंतर मात्र तिला तो आकडा लिहिता येईना. पेन टेकवलं की मल्हारीची चिमूट दिसायची, वरचे पाच ग्रॅम परत काढणारी. ती खरोखर थेंब सोडायला लागली. कधी गुलाबी एकदम गडद व्हायचं, मग सगळं ओतून पुन्हा पहिल्यापासून. गायधनी मॅडमनी तिचं जर्नल तपासलं. त्यात नऊ पॉइंट आठ, दहा पॉइंट पाच, दहा पॉइंट एक असं लिहिलेलं.

"हे जुळत नाहीत," मॅडम म्हणाल्या.

"नाही जुळत, मॅडम. पण माझेच आहेत."

मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं, सही केली आणि दोन मार्क कापले. तेजलला त्या दोन मार्कांचं वाईट वाटलं नाही. उलट आणखी कापायला हवे होते असं वाटलं.

डिसेंबरात एकदा बसथांब्यावर भागीबाईनं तिला गाठलं. डोक्यावर मेथीच्या जुड्यांचं गाठोडं, शहरात विकायला निघालेली. चोराच्या मनात चांदणं. तेजल मागं सरकली. पण भागीबाईच्या आवाजात राग नव्हता.

"तेजूताई, तुमी शिकल्याल्या. मला एक सांगा ना. मोजूनमापून टाकलेलं औषध बी जळतं का कधी? आमचा मानूस रातभर हेच इचारीत बसतो. जेवन गेलंय त्याचं."

बस समोर दिसत होती. तेजल म्हणाली, "मला नाही सांगता येणार, मावशी. आमच्या पुस्तकात नाही ते."

पुस्तकात होतं. लोखंड तांब्याला द्रावणातून बाहेर काढतं, हे तर दहावीच्याच पुस्तकात होतं. तिनं त्यावर पूर्ण मार्क मिळवले होते. मल्हारीचा विळा तेच करत होता. तिनं मार्क मिळवले आणि मल्हारीनं झाडं वाचवली, इतकाच काय तो फरक. त्या दिवशी बसमध्ये बसायला जागा मिळूनही ती उभीच राहिली. पहिल्यांदा गप्प बसली ती भीतीनं. पण भागीबाईशी ती सरळसरळ खोटं बोलली होती, आणि ते खोटं भूक उडालेल्या माणसाच्या बायकोशी बोलली होती.

तरीही मनाचा एक कोपरा वकिली करत राहिलाच. समीकरण तर बरोबर होतं. मग चुकलं कुठं? कदाचित पुढच्या तीन ड्रमांत मल्हारीनंच काही कमी-जास्त केलं असेल. हा विचार तिला आवडायचा आणि आवडतो म्हणून किळसही यायची.

फेब्रुवारीत क्षार ओळखायचं प्रॅक्टिकल आलं. चुन्याची निवळी काढली तर बाटलीचं बूच नीट बसलेलं नव्हतं आणि वर पांढरी साय धरली होती. मॅडम वैतागून म्हणाल्या, "उघडी राहिली की हवेतला कार्बन डायऑक्साइड खाते ही. चुन्याचा खडू होतो. मग ती कशाच्याच कामाची नाही."

तेजलच्या हातातली परीक्षानळी तशीच राहिली. शेडमधली उघडी पिशवी. गेल्या वर्षीची.

दुसऱ्या दिवशी तिनं त्या पिशवीतला मूठभर चुना स्टीलच्या डबीत घालून कॉलेजात नेला. मॅडमना विचारून त्यावर पातळ आम्ल टाकलं. जिवंत चुना गुमान विरघळला असता. हा फसफसून वर आला, नळीच्या काठापर्यंत आला, बोटांवर सांडला. बहुतेक सगळा खडूच होता. मल्हारी दोन किलो टाकायचा तेव्हा त्यात कामापुरता जिवंत चुना निघायचा आणि विळा उरलंसुरलं सांगायचा. सहाशे ग्रॅममध्ये काहीच उरलं नव्हतं. तिचं समीकरण शुद्ध चुन्याचं होतं, आणि मळ्यात शुद्ध काही नसतं. त्यानं चारही ड्रमांत काट्यावर अगदी बरोबर मोजलं असेल तरी पानं जळणारच होती. किंबहुना तिचं ऐकून बरोबर मोजलं म्हणूनच जळली.

वकील गप्प झाला. तेजल प्रयोगशाळेच्या बेसिनपाशी हात धूत राहिली. शेजारच्या मुलीनं विचारलं, आम्ल भाजलं का? तिनं हो म्हणून मान हलवली.

एवढं कळूनही तिनं आणखी तीन आठवडे घालवले, हेही सांगितलं पाहिजे. परीक्षा तोंडावर होती. परीक्षा होऊ दे, असं म्हणणं किती सोपं होतं.

मार्चच्या एका सकाळी ती वडिलांबरोबर डेअरीवर गेली. शेजारच्या शिवारातला एक बागायतदार समाधानला विचारत होता, "मल्हारीला परत बोलवावं म्हणतो. गडी बरा होता. तुझं काय मत?"

समाधाननं किटली मापाखाली धरली आणि शांतपणे म्हणाला, "खुडायला बोलव. औषधाला हात लावू देऊ नको."

त्या एका वाक्यानं मल्हारीचं पुढचं साल गेलं, हे तेजलला तिथंच दिसलं. एका सालानं भागणार नव्हतं. हे वाक्य तो मरेपर्यंत त्याच्या मागं चालणार होतं. डेअरीपासून घरापर्यंत ती वडिलांच्या मागं चालली, आणि अंगणात किटली ठेवायच्या आधीच म्हणाली, "पप्पा, चुना मी कमी करायला लावला. सहाशे ग्रॅम मी सांगितला. त्यांना विळाही बुडवू दिला नाही मी."

मग तिनं सगळं सांगितलं. वही, बस, उघडी पिशवी, नळीतला फेस. समाधान ओट्यावर बसला. ती वाट बघत होती की आता म्हणेल, उद्यापासून कॉलेज बंद. त्यानं म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"सहा महिने," समाधान म्हणाला. "सहा महिने मी त्याला दारुड्या म्हणत फिरलो. आणि तू माझ्या ताटाला ताट लावून जेवत होतीस."

तेजल रडायला लागली. त्यानं तिला गप्प केलं नाही.

"टोमॅटो काय, दरसाल येतो," तो उठत म्हणाला. "डेअरीवर मी बोललो होतो, डेअरीवर मीच सांगीन. सगळ्यांसमोर. पण त्याच्याकडं आधी तू जा. एकटी. मी बरोबर आलो तर तो माझ्याच पाया पडत बसेल."

ती देवळामागून गेली नाही. सरळ वाटेनं गेली. मल्हारी दाराशी बसून तुटलेल्या कॅरेटला तार बांधत होता. त्याच्या नाकावर चष्मा होता. तिनं त्याला चष्म्यात कधी पाहिलं नव्हतं; स्वस्तातली काळी जाड फ्रेम, दोऱ्यानं कानामागं बांधलेली.

"या ताई," तो गडबडून उठला. "भाऊनी बोलावलं का?"

"काका, बसा. मला सांगायचंय." तिनं उभ्यानंच सांगितलं, भराभर, मध्ये थांबलं तर धीर सुटेल म्हणून. चुना मेलेला होता. सहाशे ग्रॅम माझं होतं. तुम्ही विळा बुडवत होता ते बरोबर होतं. तुम्ही माझ्यासाठी गप्प बसलात, पप्पांना माझं नाव सांगितलं नाहीत, आणि मी तुम्हाला बोलणी खाऊ दिली. शेवटी म्हणाली, "माझं कॉलेज सुटू नये म्हणून तुम्ही सहन केलंत. मला माहीत आहे."

मल्हारी तिच्याकडं न समजल्यासारखा बघत राहिला.

"कॉलेज?" तो म्हणाला. "मी कशाला तुमचं नाव सांगू? तुमी तर बरोबरच सांगितलं असनार. वहीत लिवलेलं व्हतं." त्यानं चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला. "मला वाटलं, पुढचे तीन डरम मी एकट्यानं मोजले, त्यातच चुकलो. काट्यावरचे आकडे नीट दिसले नसतील. नायतर असं व्हईलच कसं? म्हनून दिवाळीत डोळे तपासून आलो. डॉक्टर म्हनला, नजर चांगली हाय, चष्मा नको. मीच हट्टानं मागून घेतला."

त्यानं तिला वाचवलं नव्हतं. डेअरीवरच्या त्या नजरेत ना राग होता ना उपकार. काय चुकलं ते शिकलेल्या पोरीनं सांगावं म्हणून त्यानं तिच्याकडं पाहिलं होतं. तिच्या वहीवर त्याचा इतका विश्वास होता की त्यानं सहा महिने स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतला होता.

मल्हारीनं तिच्या तोंडाकडं निरखून पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "म्हंजी ताई, मी बरोबर मोजलं व्हतं?"

"बरोबर मोजलं होतं, काका."

"चारी डरम?"

"चारही."

त्यानं चष्मा कॅरेटवर ठेवला आणि घराकडं तोंड करून हाक मारली, "भागे, ये भागे, भाईर ये." भागीबाई पिठाचे हात घेऊन दारात आली. "ताई काय म्हनत्यात ते ऐक," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "सांगा ताई, परत सांगा. हिच्यासमोर सांगा."

तेजलनं परत सांगितलं.